राखीव

'राखीव' हा शब्द मराठी माणसाच्या कानावर लहानपणापासून पडतो. राखीव डबा, राखीव जंगल, राखीव मतदारसंघ, एस.टी.च्या खिडकीवर रंगवलेले 'महिलांसाठी राखीव'. या सर्व ठिकाणी राखलेली असते ती जागा, आणि कोणीतरी येऊन ती घेईल म्हणून ती थांबलेली असते. माणसानेच राखीव असावे ही कल्पना आपल्याकडे क्वचित आढळते; क्रिकेटच्या संघातला बारावा गडी आणि राज्य राखीव पोलीस दल हे दोन अपवाद आम्हांस चटकन आठवतात. अमेरिकेतील एका मोठ्या विमान कंपनीत २०१५ साली आम्ही वैमानिक म्हणून रुजू झालो, तेव्हा राखीवपणाच्या तिसऱ्या प्रकाराशी आमची गाठ पडली. त्यानंतर आमच्या घरातील सणवार, आजारपणे, मुलीच्या शाळेचे कार्यक्रम आणि आमच्या मिरजेच्या फेऱ्या या एका शब्दाभोवती फिरत राहिल्या.

व्यवस्था अशी असते. दर महिन्याला कंपनी पुढल्या महिन्याच्या सर्व ट्रिपा जाहीर करते: कोणती एका दिवसाची, कोणती चार दिवसांची, मुक्काम कुठे, सुटण्याची वेळ काय. वैमानिक आपापल्या पसंतीचा क्रम संगणकात लिहितात. यालाच बिड म्हणतात. संगणक यादीतील सर्वांत ज्येष्ठ वैमानिकापासून सुरुवात करतो, त्याला हवे ते देतो, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि असे करीत खाली उतरतो. ज्यांच्या वाट्याला ठरलेल्या ट्रिपा येतात त्यांना लाइन मिळाली असे म्हणतात. ट्रिपा संपतात, माणसे मात्र उरतात; ही उरलेली माणसे रिझर्व्ह. कोणी आजारी पडला, कोणाचे विमान वादळात अडकले, कोणाचे कामाचे तास भरले, की क्रू शेड्युलिंगचा फोन रिझर्व्हवरल्या माणसाला जातो. 'शॉर्ट कॉल'वर असाल तर दोन-अडीच तासांत विमानतळावर हजर व्हायचे. 'लाँग कॉल'वर असाल तर दहा-बारा तासांची सवड मिळते. तिसरा प्रकार विमानतळावरच गणवेश घालून बसून राहण्याचा. त्याबद्दल जितके कमी बोलावे तितके बरे.

हे सगळे आम्ही आईला फोनवर पंधरा मिनिटे समजावून सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तू स्पेअरला आहेस, असं म्हण ना."

आमचे वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. मिरज जंक्शनात तेव्हा ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज एकत्र नांदत असत. ज्यांना ठरावीक गाड्यांचे चक्र मिळे ते 'लिंक'मध्ये, बाकीचे स्पेअर. स्पेअरवरल्या ड्रायव्हरच्या दारात रात्री-अपरात्री कॉलबॉय सायकल टेकवायचा, कडी वाजवायचा, आणि कंदिलाच्या नाहीतर दिव्याच्या उजेडात वही पुढे करायचा. वडील सही करीत. त्या सहीपासून दोनेक तासांत त्यांना शेडमध्ये हजर व्हावे लागे. तेवढ्यात आई डबा भरी. कॉलबॉय येण्याची शक्यता असली की वडील लांब कुठे जात नसत. सिनेमाला बसले तर शेजाऱ्याला थिएटरचे नाव सांगून बसत. अमेरिकेतील रिझर्व्ह वैमानिक आंघोळीला जाताना फोन बेसिनवर ठेवतो, त्यात आमच्या आईला नवल वाटण्याजोगे काहीच नव्हते. तिला नवल वाटले ते एवढ्याचेच, की आम्हांस न उडताही पगार मिळतो. वडिलांचे माइलेज गाडी चालली तरच मिळायचे. स्पेअरचा दिवस रिकामा गेला की घरात त्याची हळहळ होई. आमच्या करारात मात्र रिझर्व्हवरल्या माणसाला महिन्याला ७३ तासांच्या उड्डाणाचे वेतन बांधलेले आहे, मग तो साठ तास उडो की सहा.

रेल्वेची आठवण निघाली ती केवळ घरगुती कारणाने नव्हे. ज्येष्ठतेच्या क्रमांकावर सारे काही ठरवण्याची ही पद्धत अमेरिकेतील विमान कंपन्यांनी रेल्वेच्या कामगार संघटनांच्या परंपरेतूनच उचलली. वैमानिकांची संघटना १९३१ साली स्थापन झाली, आणि १९२६चा रेल्वे कामगार कायदा १९३६ साली विमान कंपन्यांनाही लागू झाला. साहेबाच्या मर्जीतल्या माणसाला चांगली गाडी आणि नावडत्याला रात्रीची मालगाडी, या जुन्या दुखण्यावर रेल्वे कामगारांनी शोधलेले औषध म्हणजे रुजू होण्याची तारीख. त्या तारखेत लाचलुचपत नाही, वशिला नाही, आणि गुणवत्ताही नाही. उत्तम वैमानिक आणि जेमतेम वैमानिक यांच्यात संगणक फरक करीत नाही. पहिल्याच दिवशी एका वर्गात बसलेल्यांचे क्रमांक वयावरून किंवा अशाच कुठल्यातरी यांत्रिक नियमाने लावतात, आणि तो क्रमांक निवृत्तीपर्यंत आपली पाठ सोडत नाही. कंपनी बदलली तर नव्या यादीच्या तळाशी जावे लागते. म्हणूनच पन्नाशीचा अनुभवी वैमानिक, आधीच्या कंपनीचे दिवाळे निघाल्यामुळे, तिशीतल्या पोराखाली रिझर्व्हवर बसलेला दिसतो. वारीत दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात, रथापुढची दिंडी पुढे आणि मागची मागे. चालण्याचा वेग वाढवून कोणी पुढची दिंडी होत नाही. आमचेही तसेच. फरक इतकाच, की आमची दिंडी पुढे सरकते ती वरचा कोणी निवृत्त झाला, सोडून गेला वा वारला म्हणजे. डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचे वय साठावरून पासष्ट झाले, तेव्हा आमच्या आधीच्या पिढीतल्या हजारो जणांचा क्रमांक जिथल्या तिथे थिजून राहिला. त्यांच्याशी बोलताना आजही तो विषय जपून काढावा लागतो.

आमची पहिली दोन वर्षे तळाशी गेली. घर नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी गावात, आणि नेमणूक न्यू यॉर्कच्या तळावर. कामाच्या दिवशी दुसऱ्याच कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमधील जादा आसनावर, म्हणजे जंपसीटवर, बसून ला गार्डियाला यायचे. ते आसन रिकामे असेल तर. क्वीन्समधील क्यू गार्डन्स या वस्तीत वैमानिक आणि हवाई सुंदऱ्या इतक्या राहतात, की तिला गमतीने 'क्रू गार्डन्स' म्हणतात. तिथल्या एका दोन खोल्यांच्या जागेत आमचा एक पलंग होता. अशा जागेला क्रॅशपॅड म्हणतात (विमान व्यवसायाने हे नाव स्वीकारावे याचे आश्चर्य आम्हांस अजून वाटते). दहा जण, दोन न्हाणीघरे, आणि प्रत्येकाच्या उशाशी एक फोन. एकाचा वाजला की दहा जण उठत. सहा-सहा दिवस फोन न वाजता जात. आम्ही त्या काळात बरेच मराठी वाचन केले, आणि पोहे करण्यात निष्णात झालो. परंतु कॅरीला आमची मुलगी चालायला शिकली ती आमच्या फोनच्या पडद्यावर.

इथे एका अपघाताचा उल्लेख अटळ आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी नूअर्कहून बफेलोला निघालेले एक लहान प्रवासी विमान धावपट्टीच्या अलीकडे वस्तीवर कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि जमिनीवरील एक अशी पन्नास माणसे गेली. चौकशीत मुख्य कारण ठरले ते कॅप्टनने धोक्याच्या सूचनेला दिलेला चुकीचा प्रतिसाद. पण त्याच चौकशीत जगाला हेही कळले, की फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांतून प्रवास करीत नूअर्कला पोचली होती, आणि दोघांनीही विश्रांती घेतली होती ती विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत. थकव्यामुळे त्यांच्या कामावर परिणाम झाला असावा, किती ते सांगता येत नाही, असा तपास मंडळाचा निष्कर्ष होता. त्या पन्नास मृत्यूंनंतर झालेल्या कायद्यातून जे नवे नियम आले ते ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले, आणि आमचे राखीव आयुष्य त्यांच्या चौकटीत बसलेले आहे. शॉर्ट कॉलचा काळ एका वेळी चौदा तासांहून अधिक असू शकत नाही. कामापूर्वी दहा तासांची विश्रांती, आणि त्यात आठ तास सलग झोपेची संधी. कोणत्याही १६८ तासांत सलग ३० तास पूर्ण मोकळे. बिडच्या पडद्यावर हे आकडे निमूटपणे आपल्या इच्छा खोडत असतात तेव्हा त्यांचा राग येतो. ते कुठून आले आहेत हे आठवले की तो ओसरतो.

बिड भरायला आम्हांस कंपनीने शिकवले ते दोन तासांत. कोणते बटण कुठे, एवढेच त्यात होते. खरे शिक्षण झाले ते लाँग आयलंडवर राहणाऱ्या एका वयस्कर फर्स्ट ऑफिसरकडून. या गृहस्थांचा क्रमांक इतका वर होता, की त्यांना हवी ती लाइन सहज मिळाली असती. कॅप्टनही ते केव्हाच होऊ शकले असते. ते मुद्दाम रिझर्व्ह मागत. घर विमानतळापासून वीस मिनिटांवर, परसात दुरुस्तीला आलेल्या होड्या. महिन्याचे ७३ तासांचे वेतन घ्यावे, आणि फोन वाजणार नाही अशी व्यवस्था करावी, हा त्यांचा पंधरा वर्षांचा अभ्यासविषय. फोन कोणाला जातो, हे त्यांनी आम्हांस एका दुपारी कागदाच्या रुमालावर काढून दाखवले. शेड्युलिंगच्या हाती तीन दिवसांची ट्रिप येते तेव्हा ते आधी बघतात, की कोणाचे नेमके तीन दिवस शिल्लक आहेत. दोनच दिवस शिल्लक असलेल्याला ती देता येत नाही, कारण तिसरा त्याच्या सुट्टीचा. म्हणजे आपल्या तळावर किती दिवसांच्या ट्रिपा अधिक आहेत हे मोजावे, आणि आपल्या कामाच्या दिवसांचे तुकडे त्या मापात बसणार नाहीत असे पाडावेत. न्यू यॉर्कमध्ये आमच्या विमानाच्या बहुतेक ट्रिपा तीन आणि चार दिवसांच्या होत्या. दोन-दोन दिवसांचे तुकडे पाडले की माणूस यादीत असतो पण उपयोगाचा नसतो.

दोन दिवसांचे तुकडे दुसऱ्या कोणाला नकोच असत, हे त्यातले मर्म. बाहेरगावाहून येणाऱ्यांना सलग पाच-सहा दिवस काम आणि सलग सुट्टी हवी. प्रत्येक तुकड्यामागे दोन विमानप्रवास पडतात. तळाजवळ राहणाऱ्याला मात्र तुकड्यांचे काहीच वाटत नाही. हे गणित उमगले त्या वर्षी, २०१७ मध्ये, आम्ही कॅरीचे घर विकून न्यू जर्सीत एडिसनला आलो. घरभाडे दुप्पट झाले, शाळा बदलली, आणि रिझर्व्हचा अर्थही बदलला. क्रॅशपॅडमध्ये जो दिवस काढावा लागे तोच दिवस आता घरी मुलीला शाळेत सोडून, वाणसामान आणून, दुपारी वाचत पडून जाऊ लागला. तळाशी लाइन घ्यायची तर शनिवार-रविवारच्या, पहाटे चारला उठवणाऱ्या, कोणालाच नको असलेल्या ट्रिपा मिळणार. त्यापेक्षा रिझर्व्हवरल्यांमध्ये आपण वर असणे बरे. यादीतल्या शेवटच्या लाइनीपेक्षा पहिला रिझर्व्ह अधिक सुखी असतो, हे तिथल्या जुन्या लोकांना पाठ होते. आम्ही आकडे मांडून त्याची खात्री करून घेतली.

एक गोष्ट मात्र खटकत राहिली, आणि ती अजून खटकते. मिरजेच्या प्लॅटफॉर्मवरून आकाशात दिसणाऱ्या पांढऱ्या रेघांकडे बघत ज्याने वैमानिक होण्याचा हट्ट धरला, त्याने आपली सारी हुशारी न उडण्याची विद्या मिळवण्यात खर्च करावी, हे विचित्र आहे. नियमानुसार ९० दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झाली नाहीत, तर वैमानिकाला पुन्हा सिम्युलेटरमध्ये जाऊन ती करून दाखवावी लागतात. लाँग आयलंडचे ते गृहस्थ वर्षातून दोन-तीनदा तिकडे जात आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आम्हांसही दोनदा जावे लागले. सिम्युलेटरच्या काचेतून दिसणारी धावपट्टी अगदी खरी वाटते. उतरल्यावर मागे कोणी प्रवासी उठून डोक्यावरचे सामान काढत नाही, एवढेच. वडिलांना हे सांगण्याची वेळ आली नाही. ते २०१३ साली गेले. त्यांना इंजिनावर असण्याचाच आनंद होता. ते आम्हांस समजून घेऊ शकले असते असे वाटत नाही.

पण न उडण्याची ही विद्या आम्ही ज्यासाठी वापरली ते कारण मिरजेतच होते. आई तिथे एकटी राहते. एडिसनला येऊन राहायला ती तयार नाही. दोन महिने राहून पाहिले आणि परत गेली. वार्षिक रजेचे आठवडेही ज्येष्ठतेनेच मिळतात, आणि तळाशी असलेल्याच्या वाट्याला फेब्रुवारीतला एखादा आठवडा येतो. तेव्हा उपाय एकच, महिन्यांचा सांधा. रिझर्व्हवर महिन्याला बारा दिवस सुट्टीचे. या महिन्याच्या शेवटी सहा आणि पुढच्याच्या आरंभी सहा असे मागायचे. दोन्ही पदरात पडले तर रजा न घेता सलग बारा दिवस मिळतात. त्यासाठी दोन्ही महिन्यांचा उरलेला भाग जवळजवळ कोरडा काढावा लागतो, आणि १६८ तासांतले ३० तास कुठेतरी बसवावे लागतात, नाहीतर संगणक सारी मांडणीच फेटाळतो. शिवाय दोन वेगवेगळ्या महिन्यांच्या बिड. पहिली पदरात पडली आणि दुसरी हुकली तर सहा दिवसांत मिरज होत नाही. कर्मचाऱ्यांच्या पासवर रिकाम्या आसनाची वाट पाहत मुंबई गाठायची (तिथेही क्रम रुजू झाल्याच्या तारखेने), मग रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. बारातले सात दिवस आईजवळ राहिले तर आम्ही ते यश समजतो. डिसेंबर-जानेवारीचा सांधा आम्ही कधी मागितला नाही, तो वरच्यांचा. आमचे सांधे जानेवारी-फेब्रुवारीचे, सप्टेंबर-ऑक्टोबरचे, ज्यांना कोणी विचारत नाही असे.

कोणाला काय नको आहे हे ओळखणे, हेच अखेर या विद्येचे सार. त्यात आम्हांस जन्मानेच एक लाभ मिळालेला आहे. आमच्या तळावर सर्वांची झुंज थँक्सगिव्हिंग, नाताळ, चार जुलै आणि वसंतातील शाळांच्या सुट्टीसाठी. भाद्रपद शुद्ध चतुर्थी कोणाच्याच बिडमध्ये नसते. कालनिर्णय उघडून तारीख बघायची आणि लिहायची. तळाच्या क्रमांकालाही ती मिळते. २०१५, २०१७, २०१८, सर्व वर्षी मिळाली. २०१९ मध्ये मात्र चतुर्थी आली २ सप्टेंबरला, सोमवारी, आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे अमेरिकेतला कामगार दिन. उन्हाळ्याचा शेवटचा लांब शनिवार-रविवार. यादीत आमच्या वर असलेल्या प्रत्येकाला तो दिवस हवा होता. सुट्टी मिळणे अशक्य, हे बिड भरण्यापूर्वीच दिसत होते. म्हणून त्या दिवशी काम मागितले, पण दुपारी तीनपासून पुढचे. सकाळचा काळ सर्वांना आवडतो, कारण संध्याकाळ मोकळी राहते. दुपारचा काळ आम्हांस विनासायास मिळाला. प्राणप्रतिष्ठा, पूजा, नैवेद्य, सारे दुपारी दोनपर्यंत उरकले. सोवळ्याला खिसा नसतो. तीननंतर फोन मुलीच्या हाती दिला आणि वाजला तर ओरडून सांग असे बजावले. ती संध्याकाळच्या आरतीलाही एका हाताने झांज धरून दुसऱ्या हातातल्या फोनकडे बघत उभी होती. तो वाजला नाही. त्या दिवशी डोरियन चक्रीवादळ बहामा बेटांवर ठाण मांडून बसले होते, फ्लोरिडाची उड्डाणे रद्द होत होती, आणि विमानांपेक्षा वैमानिक अधिक झाले होते. घरी मोदक खाताना ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही.

पुढच्याच वर्षी सुट्टीचा असा पूर आला की बिडला अर्थ उरला नाही. १४ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील सर्व विमानतळांच्या सुरक्षा तपासणीतून एक लाखाहूनही कमी माणसे गेली. आदल्या वर्षी त्याच दिवशी ती संख्या बावीस लाख होती. आम्ही चार महिने रिझर्व्हवर होतो आणि फोन एकदाही वाजला नाही. हवे तितके दिवस हाती होते, पण मार्चच्या चौथ्या आठवड्यात भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे थांबवली होती. नियमित उड्डाणे पुन्हा सुरू झाली ती थेट २७ मार्च २०२२ रोजी. त्याआधी विशेष विमानांतून एकदा जाऊन आलो. आईने अंगणातच थांबवले आणि आधी आंघोळ करायला सांगितली.

महामारीत अनेक ज्येष्ठांनी लवकर निवृत्ती घेतली, आमचा क्रमांक झपाट्याने वर गेला, आणि २०२२ मध्ये आम्ही कॅप्टन झालो. कॅप्टन होणे म्हणजे पगार वाढणे, आणि कॅप्टनांच्या यादीच्या तळाशी जाऊन पुन्हा रिझर्व्हवर बसणे. या खेपेस विद्या आधीपासून हाती होती. त्याच नोव्हेंबरात कर्मचाऱ्यांच्या खोलीत ओहायोहून येणारा एक तरुण कॅप्टन भेटला, आमच्याहून चौदा क्रमांकांनी खाली. मुलाच्या पहिल्या वाढदिवशी दुपारी घरी परतायचे म्हणून तो सकाळीच मोकळा होण्याच्या आशेवर होता, तेवढ्यात तीन दिवसांची ट्रिप लागली, असे तो सांगत होता. तारीख ऐकताच आमच्या लक्षात आले. त्या सकाळी आम्हीही यादीत होतो, त्याच्याआधी. पण आमचे दोनच दिवस शिल्लक होते आणि त्याचे, सक्तीने लांबवलेला एक धरून, तीन. आमच्या दाराशी सायकल न टेकवता कॉलबॉय पुढे गेला होता. आम्ही त्याला कॉफी आणून दिली आणि ऐकून घेतले. पुढल्या महिन्याची बिड आम्ही पूर्वीसारखीच भरली.

त्याला आम्ही ही विद्या शिकवली, रुमालावर, जशी आम्हांस शिकवली गेली तशी. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी लाँग आयलंडच्या गृहस्थांना नक्कीच ठाऊक असणार. खालच्याला शिकवल्याने आपले काहीच जात नाही. तो कितीही शहाणा झाला तरी संगणक आपल्याला आधी विचारणार. त्याच्या शहाणपणाचा भार पडतो त्याच्याही खालच्यावर. या व्यवसायातले ज्येष्ठ इतके उदार का असतात, याचा आम्हांस आधी फार आदर वाटत असे. तो अजूनही वाटतो, थोडा कमी. वरच्याला शिकवणे ही निराळी गोष्ट. आपल्या दोन दिवसांच्या तुकड्यांचे आणि ओस पडलेल्या सांध्यांचे गुपित वर असलेल्या दहा जणांना कळले, तर ते तुकडे आणि ते सांधे त्यांचे होतील.

आमच्यावर सहा क्रमांक असलेले एक तेलुगू कॅप्टन शिकागोच्या तळावरून बदलून आमच्याकडे आले आहेत. मनमिळाऊ गृहस्थ आहेत. विनायक चविती त्यांच्या घरीही असते, आणि त्यांचे वडील विजयवाड्याला एकटे राहतात. परवा त्यांनी आम्हांस सहज विचारले, की तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी दर वर्षी घरी कसे जाता. आम्ही त्यांना सांध्याचे सांगितले; तुकड्यांचे सांगितले नाही. त्यांनी डायरीत टिपून घेतले आणि आभार मानले. पुढच्या सांध्याच्या दोन्ही बिड आता त्यांच्याही असतील. एका सांध्याला एकाहून अधिक कॅप्टन सोडण्याइतकी माणसे तळावर आहेत की नाहीत, हे निकाल लागल्यावरच कळेल.

आई आमच्या सुट्टीच्या तारखा कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवते आणि शेजारपाजारी सांगत सुटते. या वेळेस तूर्त पेन्सिलीने लिही, असे तिला सांगितले आहे. तिने कारण विचारले नाही.